मामांचा चौथा निरोप

ऑफिसातले सगळे त्यांना मामा म्हणत, फक्त त्यांची सख्खी भाची सोडून. ती त्यांना 'सर' म्हणे.

याला कारण साहेबांचा नियम. साहेबांनी एकदा आपल्या मेहुण्याला कामावर ठेवलं होतं. मेहुणा आठ महिने टिकला आणि त्या आठ महिन्यांत त्याने एकच काम पूर्ण केलं: ऑफिसच्या दारावरची पाटी उलटी लावली. पाटी अजून उलटीच आहे, कारण ती सरळ करायचं म्हटलं की साहेबांच्या बायकोला वाईट वाटतं. तेव्हापासून ऑफिसात कुणाचाही नातेवाईक नको, असं ठरलं. दोन वर्षांपूर्वी भाचीने अर्ज केला तेव्हा मुलाखत घ्यायला नेमके मामाच बसले होते. त्यांनी चष्मा पुसून गंभीरपणे विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" तीही तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "आई. आणि एक मामा, येऊन-जाऊन."

पुढे तिचं नाव मालकीण पडलं, ते असं. ती आली तेव्हा सगळ्यांचं काम एकाच सर्व्हरवर चाले. एकाने काही नवीन बसवलं की दुसऱ्याचं जुनं कोलमडे, आणि मग 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा ऐकू येई की लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूसही ते म्हणायला लागला होता. तिने त्या सर्व्हरवर कंटेनर उभे केले. मशीन एकच, पण त्याच्या पोटात प्रत्येकाला अख्खी वेगळी लिनक्स. आपल्या फायली, आपले प्रोग्राम, आपला रूट, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड. आत आग लावलीत तरी शेजारी धूर जाणार नाही. बिघडलंच तर आधी काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटवर परत यायचं, जणू काही घडलंच नाही.

साहेबांना हे समजावताना ती म्हणाली, "इमारत एक, खोल्या वेगळ्या. खिळे ठोका, रंग द्या, पलंग मोडा. पाया आणि पाण्याची टाकी तेवढी सगळ्यांची एकच."

"म्हणजे तू घरमालकीण," साहेब म्हणाले, आणि झालं. एकाच ऑफिसात एक साहेब आणि एक मालकीण आहेत, पण त्यांचं एकमेकांशी लग्न झालेलं नाही, हे बाहेरून आलेल्या प्रत्येकाला सांगत बसावं लागे.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो वादळाचा. वादळ म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर. कंटेनर मिळाला त्याच दिवशी त्याने, ही खोली खरंच वेगळी आहे का हे बघायला, आतली सगळी सिस्टिम पुसून टाकली. खरंच वेगळी होती. तेव्हापासून मालकीण रोज सकाळी आधी चहा घेई आणि मग वादळाला आदल्या दिवशीच्या स्नॅपशॉटवर आणून सोडी.

खोली घेतली नव्हती ती फक्त मामांनी. त्यांचं मशीन कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कव्हराखाली, म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरत असे. त्यावर एकच प्रोग्राम चाले, आणि तो मामांनी एकहाती लिहिलेला होता. रोज पहाटे पाच वाजता तो आजचा वार काढी, त्या वारी कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं त्याचा कागद तयार करी, आणि तो कागद पाणीखात्याच्या प्रिंटरमधून बाहेर पडे. व्हॉल्ववाला तो कागद खिशात घाली आणि निघे. अर्धं शहर त्या कागदावर अंघोळ करत होतं, आणि तो कागद कसा होतो हे एका माणसाला ठाऊक होतं.

म्हणूनच त्या माणसाला निवृत्त होता येत नव्हतं. मामांचे तीन निरोप समारंभ झाले होते. प्रत्येक वेळी साहेबांनी भाषण केलं, प्रत्येक वेळी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि प्रत्येक वेळी नवं मशीन जोडल्यावर कागदावरचे वार घसरले. मग साहेब धावत मामांकडे, मामा धावत ऑफिसात. तीन दिवस ते कोपऱ्यात मान खाली घालून बसत आणि चौथ्या दिवशी कागद बरोबर येई. मिळालेली तिन्ही घड्याळं त्यांनी आपल्या टेबलामागच्या भिंतीवर ओळीने लावली होती. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत.

या सगळ्याचा हिशेब ऑफिसाबाहेर एका बाईने ठेवला होता: मालकिणीची आई, मामांची थोरली बहीण. तिच्या घराची मागची खोली नऊ वर्षं मामांसाठी रिकामी होती. तीन वेळा तिने ती झाडून, पुसून, नवी चादर घालून ठेवली. तीन वेळा मामा दोन बॅगा घेऊन आले आणि आठवड्याच्या आत एक बॅग घेऊन परत गेले. दुसरी दर वेळी तिथेच राही. त्या खोलीत आता मामांपेक्षा मामांच्या बॅगा जास्त राहत होत्या.

सोमवारी सकाळी आईने मालकिणीला फोन केला. "या शुक्रवारी सुटतोय म्हणे तुझा मामा."

"हो. चौथ्यांदा."

"त्याला म्हणावं, मी कोंबड्या सांगितल्यात. बारा. पुढच्या सोमवारी येतायत. तोवर आलास आणि राहिलास तर खोली तुझी. नाहीतर कोंबड्यांची. त्या तरी एकदा आल्या की फोन आला म्हणून परत जात नाहीत."

"आई, तो तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर आधी त्याला विचारतेय. गुडघे त्याचे गेलेत, तिथे तीन मजले चढतो, एकटा जेवतो. पण मी सत्तरीची झाले. मी किती वेळा चादर बदलू?"

ही थट्टा नव्हती. आईच्या आवाजात दमलेपणा होता, आणि आई दमली की शब्द फिरवत नसे. तेव्हा शुक्रवारपर्यंत मामांचं मशीन मामांशिवाय चालायला हवं होतं. ते काम साहेबांनी मालकिणीवरच सोपवलं. "या खेपेला नवं मशीन नको," ते म्हणाले. "तुझ्या एका खोलीत मामांचं सगळं बिऱ्हाड उचलून टाक."

मालकिणीने तेच केलं. मंगळवारी तिने त्या मशीनची अख्खी डिस्क, मुळापासून शेंड्यापर्यंत, एका नव्या कंटेनरमध्ये उतरवली आणि तो सुरू केला. आत शिरून पाहिलं तर हुबेहूब तेच घर: तीच फोल्डरं, प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा तोच पंचवीस वर्षांपूर्वीचा कंपायलर, मामांचा तोच पासवर्ड, जो तिच्या आजीचं नाव होता. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात कंपाइल झाला. तयार झालेली फाइल जुन्या फाइलशी ताडून पाहायला तिने दोन्हींचा चेकसम काढला. तो म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. दोन्ही ठसे अक्षराला अक्षर जुळले.

आणि इथेच तिने चूक केली. ही चूक फक्त त्यांच्याच धंद्यातली माणसं करू शकतात. ठसा जुळल्यावर प्रोग्रामने छापलेला कागद बघायचा असतो, हे तिच्या मनातही आलं नाही. प्रोग्राम तोच आहे हे सिद्ध झालं होतं. कागद बघणं म्हणजे जुळ्या भावांची ओळख पटल्यावर पुन्हा त्यांच्या आईला विचारण्यासारखं. बुधवारी दुपारी तिने कागद पाठवायचं काम कंटेनरकडे दिलं. मामांना सांगितलं, "सर, झालं."

मामांनी मान हलवली. "छान. आता उद्या बघू," ते म्हणाले. ते 'उद्या' त्यांनी जरा जास्तच मायेने म्हटलं, पण हे तिच्या लक्षात आलं ते नंतर.

गुरुवारी सकाळी व्हॉल्ववाला स्वतः ऑफिसात आला. हातात लांब दांड्याची किल्ली आणि खिशात कागद.

"आज कुठला वार?" त्याने विचारलं.

"गुरुवार," वादळ म्हणालं.

"मलाही तसंच वाटत होतं. पण कागद म्हणतो शुक्रवार." त्याने कागद टेबलावर पसरला. "मी कागदाप्रमाणे चालतो. एकदा स्वतःच्या डोक्याने चाललो तर लेखी ताकीद मिळाली होती. त्यामुळे आज मी शुक्रवारच्या गल्ल्यांना पाणी सोडलंय. बायकोलाही सांगून आलोय की आज शुक्रवार आहे. ती माहेरी गेली."

"माहेरी का?"

"शुक्रवारी जाणार होती."

तेवढ्यात साहेब आत आले. साहेब गुरुवारच्या गल्लीत राहत. त्यांच्या डाव्या कानामागे साबणाचा फेस वाळला होता आणि त्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांनी कागद बघितला, मालकिणीकडे बघितलं, मग वळून थेट कोपऱ्याकडे.

"मामा, तुमच्याशिवाय या जगाचं काही होणार नाही. उद्याचं रद्द."

"असं कसं साहेब," मामा उठत म्हणाले. "तुम्ही घड्याळ आणलं असेल ना."

"राहू दे. घड्याळाला काय होतंय, ते चालूच आहे."

मालकिणीने कागद पाठवायचं काम पुन्हा जुन्या मशीनवर टाकलं. खरा कागद छापून व्हॉल्ववाल्याच्या हातात दिला आणि मामांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. तिचे कान तापले होते. "सर, माझी चूक झाली. मी कागद बघितला नाही."

"अगं, चालायचंच," मामा म्हणाले. तीन वेळा ज्या आवाजात म्हणाले असतील त्याच आवाजात. "मला आत सोड जरा. एकट्याला. बघतो मी."

तिने त्यांना कंटेनरमध्ये रूट म्हणून सोडलं. आता तीन दिवस, ती मनाशी म्हणाली. शुक्रवार, शनिवार, रविवार. आणि सोमवारी बारा कोंबड्या.

पण तीन तासांतच मामा उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. चष्मा हातात होता आणि त्यांनी तो पुसलाही नव्हता. "जमत नाहीये," ते म्हणाले आणि जिन्याच्या दिशेने गेले. नऊ वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मालकिणीशेजारी बसलेल्या वादळाने हेडफोन काढले.

मामा कुठे अडले ते कळलं तर पुढचं आपण करू, म्हणून मालकिणीने कंटेनरमधला इतिहास उघडला. टर्मिनलवर माणूस जे जे टाइप करतो ते लिनक्स मुकाट्याने लिहून ठेवते. मोलकरणीला घरातलं जेवढं माहीत असतं, तेवढं. मामांनी तीन तासांत प्रोग्रामची एकही फाइल उघडली नव्हती. एकच कमांड अकरा वेळा दिली होती. मशीनची तारीख बदलायची कमांड.

आठ वेळा सरळ. दोन वेळा मधे जागा सोडून. एकदा सगळी मोठ्या अक्षरांत, चिडून.

तिने ती स्वतः देऊन पाहिली. उत्तर आलं: परवानगी नाही. ते तर येणारच होतं. कंटेनरमध्ये तुम्ही रूट असा नाहीतर राजा, खोलीतलं सगळं तुमचं, पण घड्याळ इमारतीचं. सगळ्या खोल्या त्याच एका घड्याळावर चालतात. एका भाडेकरूने काटे फिरवले तर सगळ्यांची वेळ बिघडेल, म्हणून ते कुणाच्याच हाती देत नाहीत.

पण मामांना तारीख कशाला बदलायची होती?

ती कोपऱ्यात गेली. जुन्या मशीनवरचं कव्हर बाजूला केलं आणि तिथे नुसती तारीख विचारली. वार गुरुवार, बरोबर. तारीख बरोबर. महिना बरोबर. वर्ष अठ्ठावीस वर्षं मागचं.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. या मशीनच्या हिशेबाने ती अजून जन्मायची होती. तिच्या आईचे केस अजून काळे होते, आजी होती, आणि मामा तिसऱ्या मजल्यावर दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते. बाहेरच्या खोलीत सगळे म्हातारे होत होते आणि इथे कव्हराखाली अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा गुरुवार सुखाने घुरघुरत होता.

मग तिला कोडं सुटत गेलं. मामांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे घेतले होते. शतक पालटलं आणि प्रोग्रामला वाटलं की आपण मागच्या शतकाच्या सुरुवातीला आलो. शंभर वर्षांपूर्वी याच तारखेला वार एकाने पुढचा होता, म्हणून गुरुवारचा शुक्रवार. मामांनी प्रोग्रामला हात लावला नव्हता; मशीनचं घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे केलं होतं. दर अठ्ठावीस वर्षांनी कॅलेंडर वार-तारखेसकट तसंच्या तसं परत येतं. कागदावर वर्ष छापलेलं नसतं. कुणाला कळणार?

आणि मग, नको असताना, तिला पुढचंही कळलं. तीन निरोप, तीन नवी मशीनं. नवं मशीन जोडलं की ते आपोआप खरी तारीख घेतं. वार घसरतात. फोन जातो. मामा येतात, एक कमांड देतात आणि उरलेले तीन दिवस मान खाली घालून बसतात.

मामा जिन्यात सापडले, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, खिडकीच्या कट्ट्यावर. ती शेजारी बसली.

"अकरा वेळा," ती म्हणाली.

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. "बारावी देणार होतो. मग म्हटलं, मशीन काय म्हणेल."

"पहिल्या वेळी आठवलं नव्हतं का?"

"पहिल्या वेळी खरंच विसरलो होतो. शप्पथ. ताईकडे गेलो, बॅग उघडली, झोपलो. दुसऱ्या दिवशी उठून काय करायचं ते सुचेना. ताई म्हणाली, शेंगा सोल. सहा दिवस शेंगा सोलल्या. घरातल्या संपल्या, मग शेजाऱ्यांच्या आणल्या. सातव्या दिवशी साहेबांचा फोन आला." ते थांबले. "फोन वाजला ना, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग कळलं की बिघाड झालाय. हा क्रम बरा नव्हे."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी आठवत होतं."

"तिसऱ्या?"

"तिसऱ्या वेळी मी जाताना एकच बॅग भरणार होतो. ताईला संशय येईल म्हणून दोन भरल्या."

खालून कुणीतरी जिना चढत आलं, त्यांना बघून 'काय मामा' म्हणालं आणि वर गेलं.

"आणखी दोन-तीन वर्षांनी ते मशीन परत शतकाच्या टोकाला पोचेल," ती म्हणाली. "मग?"

"मग आणखी अठ्ठावीस मागे."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर फोन आला तरी मी उचलण्याच्या अवस्थेत नसेन. तो तुमचा प्रश्न."

तिला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही तिने गिळलं. "आई कोंबड्या आणतेय. सोमवारी."

"किती?"

"बारा."

मामांनी मनातल्या मनात खोली मोजली. "बाराला लहान पडेल ती."

"ती हेही बोलली की तिच्याच्याने आता चादर बदलवत नाही."

यावर मामांनी विनोद केला नाही. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

"हे बघ, मला एक रस्ता माहितीय," ती म्हणाली. "सगळ्या खोलीचं घड्याळ नाही बदलता येत, पण एकट्या तुझ्या प्रोग्रामला फसवता येतं. त्याने वेळ विचारली की मधेच अडवायचं आणि खोटी वेळ सांगायची. दोन ओळींचं काम. कागद बरोबर येईल, उद्या तू सुटशील, आणि कुणाला कळणार नाही. मला सोडून."

मामांचे डोळे क्षणभर चमकले. "मग कर की."

"नको. म्हणजे मग ते एकट्या मला ठाऊक असेल. तीस वर्षांनी मी त्या कोपऱ्यात बसलेली असेन, मागे तीन घड्याळं लावून. आईने तुझी खोली नऊ वर्षं धरून ठेवली. माझी कोण धरणार?" तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तू ते तारखेचं तेवढं नीट कर, मामा. तूच. मी केलं तर तुला वाटेल, तुझ्या घरात येऊन कुणी सामान हलवलं."

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "फार काम नाही ते," शेवटी म्हणाले. "वर्षाचे चार आकडे करायचे. पाच ठिकाणी."

"मला माहितीय."

"तीस वर्षं मला माहितीय," मामा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

काम चाळीस मिनिटांत झालं, आणि त्यातली तीस मामा नुसते पडद्याकडे बघत होते. सुरू करण्याआधी मालकिणीने कंटेनरचा स्नॅपशॉट काढला. "काही बिघडलं तर परत इथे येऊ. जणू काही केलंच नाही," ती म्हणाली.

"माणसालाही अशी सोय हवी होती."

"तू तीन वेळा वापरलीस की."

मामांनी तिच्याकडे न बघता मान डोलावली, फटका बसलेला माणूस 'बरोबर बसला' म्हणून डोलावतो तशी. मग पाच ठिकाणी दोन आकड्यांचे चार केले. कंपायलरने एकदा कुरकुर केली, मामांनी एक स्वल्पविराम घातला, आणि तो गप्प झाला. या वेळी मालकिणीने ठसेबिसे काही बघितले नाहीत. पुढच्या चारशे दिवसांचे कागद जुन्या मशीनवर काढले, चारशे कंटेनरमध्ये काढले, आणि वादळाला शेजारी बसवून एकेक वार मोठ्याने वाचायला लावला. दोनशेव्या दिवसाला वादळ म्हणालं की आपल्याला आता वार या गोष्टीवरच विश्वास उरलेला नाही. चारशेही जुळले.

तिने साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "उद्या अंघोळीला पाणी नाही आलं तर मला काढून टाका." साहेबांना उद्या पाणी येणारच नव्हतं, उद्या त्यांचा वार नव्हता, पण वाक्याचा आवेश बघून ते हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी व्हॉल्ववाल्याचा फोन आला. "कागद शुक्रवार म्हणतोय."

"बरोबर आहे. आज शुक्रवार."

"काल पण शुक्रवारच होता ना?"

"आजचा खरा."

"ठीक आहे. बायकोला सांगतो," तो म्हणाला. "ती परत यायला नाही म्हणेल, पण सांगतो."

दुपारी समारंभ झाला. साहेबांनी तेच भाषण केलं. ते आता सगळ्यांना पाठ होतं; 'एक पर्व संपलं' या वाक्याला वादळाचे ओठही साहेबांबरोबर हलत होते. चौथं घड्याळ दिलं गेलं. मग साहेब म्हणाले, "मामा, दोन शब्द."

मामा उभे राहिले. तिन्ही वेळा त्यांनी बरंच काही बोलून लोकांना रडवलं होतं. या वेळी त्यांना सुचेना. त्यांनी मालकिणीकडे बघितलं.

"बोल ना मामा," ती म्हणाली.

दोन वर्षांत तिने ऑफिसात त्यांना पहिल्यांदा मामा म्हटलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळेच म्हणत होते. फक्त वादळाने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, मामांच्या नाकाकडे पाहिलं, पुन्हा तिच्या नाकाकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखी मान खाली घातली.

"तारखेचं एक काम माझ्याकडून राहून गेलं होतं," मामा म्हणाले. "ते काल केलं. कसं केलं ते कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. वाचता येईल अशा अक्षरात." आणि ते खाली बसले. साहेबांना वाटलं, भाषण अजून सुरू व्हायचंय. जरा वेळ वाट बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जुनं मशीन मामांनी स्वतः बंद केलं. घुरघुर थांबल्यावर ऑफिसात इतकी शांतता झाली की तीन घड्याळांची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली. तिघांचीही वेगवेगळी. मामांनी तिन्ही उतरवून बॅगेत घातली. दोन बॅगा झाल्या होत्या. मग भिंतीतले खिळेही काढून घेतले.

सोमवारी कोंबड्या आल्या. मामा खोलीत होते, म्हणून आईने शब्द पाळला आणि कोंबड्यांना अंगणात जागा दिली. मामांनी चारही घड्याळं खोलीत लावली. त्यातलं एकही बरोबर लावलं नाही, असं आईने फोनवर सांगितलं. आणि शेंगा संपल्यात, असंही.

दुसऱ्या सोमवारपर्यंत ऑफिसातून मामांना एकही फोन गेला नव्हता. कागद रोज पाचला छापला जात होता. वार जिथल्या तिथे होते. मालकिणीने चहा घेतला, वादळाला कालच्या स्नॅपशॉटवर आणलं आणि मामांच्या कंटेनरमध्ये शिरली. सगळं ठीक होतं. तिथे तिचं काहीच काम नव्हतं. ती थोडा वेळ तशीच बसली. मग प्रोग्राममधली एक ओळ उघडून मामांना फोन लावला.

फोन पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"मामा, एकशे बाराव्या ओळीत तू सातने भाग का दिलायस?"

पलीकडे कोंबड्यांचा गोंधळ चालला होता. वार सात असतात, म्हणून सातने भाग देतात. हे चौथीतल्या पोरालाही कळेल, आणि तिला ते कळतं हे मामांना ठाऊक होतं.

"काही बिघडलंय का?"

"नाही. काहीच नाही. सहज विचारलं."

"बरं," मामा म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मग निवांत सांगतो. तू आधी बस."

ती बसलेलीच होती. तरी उठून पुन्हा बसली.